थंड पाण्यातली कॉफी : कृती सोपी, पथ्य महत्त्वाचे

उन्हाळा लागला म्हणून आपल्याकडे चहा कमी होत नाही. त्याच्या जोडीला फक्त थंड पेये येतात. पन्हे, ताक, कोकम सरबत, उसाचा रस ही आपली जुनी मंडळी. गेल्या काही वर्षांत त्यांत एका नव्या पाहुण्याची भर पडली आहे. त्याचे नाव ‘कोल्ड ब्रू’ कॉफी. आता जिल्ह्याच्या ठिकाणीच नव्हे, तर तालुक्याच्या गावीही कॅफे निघाले आहेत आणि तिथे या कॉफीच्या एका पेल्याला शे-दीडशे रुपये मोजावे लागतात. साहजिकच दवाखान्यात मला दोन प्रश्न वारंवार विचारले जातात. ही कॉफी घरी करता येईल का? आणि ती प्रकृतीला चांगली का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय, अगदी सहज’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर ती कोण पिणार, किती पिणार आणि केव्हा पिणार यावर अवलंबून आहे. आज या दोन्ही गोष्टींचा विचार करू.

नाव नवे, पद्धत जुनी

प्रथम एक गल्लत दूर केली पाहिजे. आपण जिला ‘कोल्ड कॉफी’ म्हणतो ती वेगळी. तिच्यात झटपट विरघळणारी पूड, दूध, भरपूर साखर आणि बर्फ मिक्सरमध्ये घुसळलेले असते. कोल्ड ब्रूमध्ये कॉफीला उष्णता लागतच नाही. जाडसर दळलेली कॉफी थंड पाण्यात बारा-चौदा तास भिजत ठेवायची आणि मग गाळून घ्यायची. गरम पाणी जे काम चार-पाच मिनिटांत करते ते थंड पाणी रात्रभर करते. मात्र काही कडू आणि आंबट घटक थंड पाण्यात कमी उतरतात. त्यामुळे ही कॉफी चवीला सौम्य आणि किंचित गोडसर लागते.

पद्धत नवी नाही. जपानमधील क्योटो शहरात काचेच्या उंच उपकरणातून थेंबथेंब थंड पाणी टपकवून कॉफी करण्याची प्रथा जुनी आहे. अमेरिकेत टॉड सिम्पसन यांनी १९६४ साली घरगुती वापरासाठी अशा कॉफीचे भांडे तयार केले.

कॉफी आपल्यालाही परकी नाही. बाबा बुदान यांनी सतराव्या शतकात येमेनमधून सात बिया आणून चिकमंगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरागत कथा आहे. आजही देशातील बहुतेक कॉफी कर्नाटकात होते. आपल्या विदर्भात चिखलदऱ्याला, सुमारे १,१०० मीटर उंचीवर, कॉफीची झाडे पाहायला मिळतात.

साहित्य आणि पूड

चार पेल्यांसाठी ५० ग्रॅम कॉफीची जाडसर पूड आणि अर्धा लिटर उकळून गार केलेले पाणी एवढेच साहित्य लागते. पूड मात्र पाहून घ्यावी. बाजारात फिल्टर कॉफी म्हणून जी पाकिटे मिळतात त्यांपैकी अनेकांत चिकोरी मिसळलेली असते. चिकोरी हे एका वनस्पतीचे भाजलेले मूळ. त्यात कॅफीन नसते, रंग आणि कडवटपणा असतो. कायद्याने अशा मिश्रणात कमीत कमी ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि दोहोंचे प्रमाण पाकिटावर छापावे लागते. ते वाचण्याची सवय ठेवावी. थंड पाण्यातल्या कॉफीसाठी चिकोरीविरहित पूड बरी. चिकोरीने पाणी गडद आणि दाट दिसते आणि कॉफी किती कडक झाली आहे याचा अंदाज चुकतो.

दुसरी गोष्ट दळण्याची. नेहमीची पूड बारीक असते. ती भिजवल्यास गाळताना फडके तुंबते आणि पेल्याच्या तळाशी गाळ बसतो. पूड लापशीच्या रव्याइतकी भरड हवी. भाजलेल्या बिया मिळाल्या तर घरच्या मिक्सरमध्ये थांबून थांबून दोन-तीन वेळा फिरवाव्यात, सलग फिरवू नयेत. मसाल्याचे भांडे वापरणार असाल तर ते आधी स्वच्छ घासून वाळवावे, नाहीतर कॉफीला गरम मसाल्याचा वास येईल. झटपट विरघळणारी पूड या कामाला चालत नाही. ती लगेच पाण्यात विरघळून जाते, भिजवण्यासारखे काही उरत नाही.

कृती

काचेची झाकणाची बरणी किंवा स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा घ्यावा. पितळेचे किंवा ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नये. लोणच्याची बरणी असेल तर ती वासरहित होईपर्यंत धुवावी आणि कोरडी करावी. बरणीत पूड घालून वर थोडे पाणी ओतावे, स्वच्छ कोरड्या चमच्याने हलवावे, सगळी पूड ओली झाली की उरलेले पाणी घालावे. झाकण लावून बरणी फ्रिजमध्ये ठेवावी. रात्री नऊला भिजवली तर सकाळी अकराच्या सुमारास कॉफी तयार होते.

मग आधी चहाच्या गाळणीने आणि नंतर मलमलच्या दुहेरी फडक्यातून ती गाळावी. हे फडके कॉफीसाठी वेगळे ठेवावे, दर वेळी उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवावे. चोथा दाबून पिळू नये. पिळल्यास कडवटपणा आणि गाळ खाली उतरतो. चोथा सुमारे १०० मिलिलिटर पाणी धरून ठेवतो, म्हणून हाती ४०० मिलिलिटरच्या आसपास अर्क येतो. चोथा कुंडीतल्या मातीत थोडा थोडा मिसळता येतो.

हा अर्क तसाच पिऊ नये. पेल्यात १०० मिलिलिटर अर्क घेऊन तितकेच थंड पाणी किंवा तापवून गार केलेले दूध घालावे. उरलेला अर्क झाकून फ्रिजमध्ये ठेवावा आणि तीन दिवसांत संपवावा. दूध घातलेली कॉफी मात्र त्याच वेळी प्यावी, साठवू नये.

ज्यांचे कोलेस्टेरॉल वाढलेले आहे त्यांनी शेवटी कागदी फिल्टरमधून गाळण्याचे कष्ट घ्यावेत. कॉफीच्या तेलकट अंशात कॅफेस्टॉल नावाचे द्रव्य असते. ते रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वाढवते. कागदी फिल्टर ते बऱ्याच अंशी अडवतो.

पाणी उकळलेच पाहिजे

या लेखातील माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. चहा करताना पाणी खळखळून उकळते. आपल्या लक्षातही न येता चहा आपल्याला कावीळ, विषमज्वर, हगवण अशा कितीतरी रोगांच्या जंतूंपासून वाचवत असतो. या कॉफीत ती उकळी नाही. पाणी दूषित असेल तर जंतू थेट पेल्यात येतात, आणि कॉफीच्या गडद रंगामुळे गढूळपणाही कळत नाही.

म्हणून पाणी खळखळून उकळू लागल्यावर निदान एक मिनिट तसेच ठेवावे, नंतर झाकून गार करावे आणि मगच वापरावे. घरी जलशुद्धीकरण यंत्र असेल आणि त्याची वेळच्या वेळी देखभाल होत असेल तर ते पाणी चालेल. सध्या घरोघरी थंड पाण्याचे जार येतात. पाणी थंड आहे म्हणजे ते शुद्ध आहे असा समज करून घेऊ नये. बर्फालाही हाच नियम. बाजारातल्या लादीचा बर्फ कॉफीत घालू नये. घरी उकळलेल्या पाण्याचाच बर्फ करावा.

‘फ्रिज नसेल तर माठाजवळ ठेवले तर चालेल का?’ असे एका गृहिणीने मला विचारले होते. चालणार नाही. माठ पाणी गार करतो, पण फ्रिजइतके नाही. जंतूंची वाढ रोखायला तापमान ५ अंश सेल्सिअसच्या आत लागते. वैशाखात ओट्यावर बारा तास ठेवलेली ओली पूड ही जंतूंना मोकळे रान आहे. वीज जाऊन फ्रिज चार तासांहून अधिक बंद राहिला तर बरणीतील कॉफी टाकून द्यावी. पन्नास ग्रॅम पुडीचे पैसे सलाइनच्या एका बाटलीपेक्षा कमीच होतात.

पेल्यात कॅफीन किती?

कॉफीने तरतरी येते ती कॅफीनमुळे. हे द्रव्य रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८१९ साली कॉफीच्या बियांतून वेगळे केले. आपण जागे असताना मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि त्यामुळे झोप येऊ लागते. कॅफीन ॲडेनोसिनची जागा अडवून बसते. थकवा नाहीसा होत नाही, तो जाणवत नाही एवढेच.

आता आपल्या कृतीचा हिशेब करू. कॉफीच्या दोन मुख्य जाती आहेत. अरेबिकामध्ये सुमारे १.२ टक्के आणि रोबस्टामध्ये सुमारे २.२ टक्के कॅफीन असते. ५० ग्रॅम अरेबिकात म्हणजे ६०० मिलिग्रॅम. ते सगळे पाण्यात उतरले असे धरले तर १०० मिलिलिटर अर्कात १२० मिलिग्रॅम येते. रोबस्टा असेल तर हाच आकडा २२० वर जातो. आपल्या देशात अरेबिकापेक्षा रोबस्टाचे पीक जास्त आहे हे इथे ध्यानात घ्यावे. प्रत्यक्षात सगळे कॅफीन उतरत नाही, म्हणून हे आकडे कमाल मर्यादेचे समजावेत.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनात दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या आत कॅफीन असावे असे सुचवले आहे. त्याच मार्गदर्शनानुसार १५० मिलिलिटर फिल्टर कॉफीत ८० ते १२०, झटपट कॉफीत ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते. घरी दिवसाला तीन-चार कप चहा होत असेल तर १०० ते २०० मिलिग्रॅम त्यातच येऊन जाते. म्हणून चहा पिणाऱ्यांनी या कॉफीचा एकच पेला घ्यावा आणि त्या दिवशी चहाचे दोन कप कमी करावेत.

आणखी एक गोष्ट. गरम कॉफी फुंकर मारत दहा-पंधरा मिनिटे प्यायली जाते. थंड कॉफी उन्हातून आलेला माणूस सरबतासारखी एका दमात पितो आणि दुसरा पेला मागतो. चव सौम्य असल्याने ती कडक आहे हे जिभेला कळत नाही. तहान लागली असेल तर आधी पाणी किंवा ताक प्यावे, कॉफी नंतर. उन्हाचा त्रास झालेल्या किंवा जुलाब होत असलेल्या माणसाला कॉफी देऊ नये. त्याला मीठ-साखरेचे पाणी द्यावे.

पूड जास्त वेळ भिजवली की कॉफी अधिक कडक होते असेही पुष्कळांना वाटते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असे आढळले की थंड पाण्यातही कॅफीन सहा-सात तासांतच जेवढे उतरायचे तेवढे उतरते. तेव्हा चोवीस तास भिजवून विशेष काही साधत नाही.

‘ही कॉफी पित्त करत नाही’ हे खरे का?

कॅफेच्या फलकांवर ही कॉफी आम्लरहित असल्याचे लिहिलेले असते. ते खरे नाही. २०१८ साली फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी गरम आणि थंड पद्धतीची कॉफी तपासली. दोहोंचा पीएच जवळपास सारखाच, ४.८५ ते ५.१३ च्या दरम्यान निघाला. गरम कॉफीत एकूण आम्लांचे प्रमाण थोडे अधिक होते, पण उपयुक्त अँटिऑक्सिडंट द्रव्येही तिच्यातच अधिक होती. शिवाय कॉफीने जठरातील आम्ल वाढते. काहींना थंड कॉफी सोसते हे मी पाहिले आहे. परंतु छातीत जळजळ, आंबट ढेकर, अल्सर असा त्रास असणाऱ्यांनी नावावर भरवसा ठेवून ती उपाशीपोटी पिऊ नये.

एक मुद्दा मात्र थंड कॉफीच्या बाजूचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९१ साली कॉफीला संशयितांच्या यादीत टाकले होते. २०१६ साली तिने तो शिक्का काढून घेतला. त्याच वेळी ६५ अंशांहून अधिक गरम असे कोणतेही पेय अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरते, असे मत तिने दिले. चुलीवरून उतरवलेला चहा तोंड पोळेपर्यंत गरम पिणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

जेवणाबरोबर नको

आपल्या राज्यात १५ ते ४९ या वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. आपल्या भाकरी-भाजीतील लोह मुळातच शरीरात कमी शोषले जाते. कॉफी आणि चहातील टॅनिनसारखी द्रव्ये त्या लोहाला बांधून टाकतात आणि ते वाया जाते. कॉफी थंड केली म्हणून हा दोष जात नाही.

एक उदाहरण देतो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली होती. छातीत धडधड, झोप नाही, जिना चढताना दम लागतो, अशा तक्रारी होत्या. हृदयाची तपासणी ठीक होती. रक्तातील हिमोग्लोबिन मात्र ८.४ निघाले. खोलीवर ती रोज या कॉफीची बाटली भरून ठेवत असे. एक पेला दुपारच्या डब्याबरोबर, दुसरा संध्याकाळी आणि तिसरा रात्री नऊला, जागरणासाठी. पाळीत रक्त जास्त जाणे आणि अपुरा आहार ही तिच्या आजाराची मूळ कारणे होती. पण डब्यातून जे थोडे लोह मिळत होते तेही कॉफी मिळू देत नव्हती, आणि थकव्याची सूचनाही दाबून टाकत होती. तिला लोहाच्या गोळ्या लिंबूपाण्याबरोबर दिल्या, कॉफी सकाळच्या एका पेल्यावर आणली, डब्यात पालेभाजी, मोड आलेली कडधान्ये आणि लिंबाची फोड सुरू केली. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११ च्या वर गेले. अभ्यास पूर्वीपेक्षा नीट होतो, असे तिनेच सांगितले.

यातला नियम साधा आहे. जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर निदान एक तास, शक्य तर दोन तास, चहा-कॉफी घेऊ नये. लोहाच्या गोळीबरोबर तर कधीच घेऊ नये.

झोपेचा हिशेब

शरीरातील निम्मे कॅफीन बाहेर पडायला सर्वसाधारणपणे पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला १२० मिलिग्रॅम घेतले तर रात्री अकराला ६० मिलिग्रॅम शिल्लक असते. म्हणजे अंथरुणावर पडताना एक कडक कप चहा घेतल्यासारखेच झाले. झोप लागते, पण गाढ लागत नाही. मग सकाळी अंग जड वाटते आणि ते घालवायला पुन्हा कॉफी लागते. परीक्षेच्या दिवसांत मुलांना कौतुकाने कॉफी करून देणाऱ्या आईवडिलांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा. वाचलेले डोक्यात पक्के बसते ते झोपेतच. दुपारी दोननंतर ही कॉफी नको. बारा वर्षांखालील मुलांना ती मुळीच देऊ नये.

कोणी जपून राहावे?

गरोदर स्त्रीच्या शरीरातून कॅफीन फार सावकाश बाहेर पडते. शेवटच्या महिन्यांत निम्मे व्हायला पंधरा तासही लागू शकतात. ते वारेतून बाळापर्यंतही पोहोचते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली गरोदरपणासाठी दिवसाला २०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. रोबस्टाच्या अर्काचा एक पेलाही ती ओलांडू शकतो. गरोदरपणात ही कॉफी टाळावी हेच उत्तम.

रक्तदाब असणाऱ्यांनी रक्तदाब मोजण्याआधी अर्धा तास कॉफी घेऊ नये, आकडा चढा येतो. थायरॉइडची गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर निदान अर्धा ते एक तास कॉफी घेऊ नये, कारण औषध नीट शोषले जात नाही. दम्यासाठी थिओफिलिन घेणाऱ्यांना आणि सिप्रोफ्लॉक्सासिन हे औषध चालू असणाऱ्यांना कॉफीने धडधड आणि कंप वाढू शकतो. हृदयाचे ठोके अनियमित पडणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच ती घ्यावी.

मधुमेही व्यक्तींनी साखर न घालता एक पेला घ्यायला हरकत नाही. इतरांनीही साखरेचे भान ठेवावे. थंड पाण्यात साखर विरघळत नाही म्हणून चमच्यावर चमचे घातले जातात आणि शेवटी सगळी साखर तळाशी सापडते. आधी थोड्या कोमट पाण्यात एक चमचा साखर विरघळवून ते पाणी कॉफीत घालावे. वेलदोड्याचा दाणा ठेचून बरणीत भिजवला तर साखर त्याहूनही कमी लागते. वरून आइसक्रीम घातले की ते पेय राहत नाही, मिष्टान्न होते.

रोज कॉफी पिणाऱ्याने ती एकाएकी सोडल्यास दोन-चार दिवस डोके दुखते, चिडचिड होते. घाबरू नये. दर तीन-चार दिवसांनी अर्क थोडा कमी आणि पाणी थोडे जास्त असे करत गेल्यास हा त्रास होत नाही.

सकाळी दहा-अकराच्या सुमारास, नाश्ता आणि जेवण यांच्या मध्ये, उकळून गार केलेल्या पाण्याचा एक पेला, अशी ही कॉफी निरोगी प्रौढ माणसाने खुशाल घ्यावी. घरातल्या स्त्रियांना सतत थकवा, दम किंवा धडधड जाणवत असेल तर मात्र कॉफीने तरतरी आणण्यापूर्वी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते.